सुळेभावीचा शिवपुत्र : कुमार गंधर्वांचा स्वरप्रवास

मिरजेहून लोंढ्याकडे येणारी रेल्वे बेळगावला पोहोचण्याआधी सुळेभावी नावाच्या एका लहानशा गावापाशी येते. कोल्हापूरहून निपाणीमार्गे बेळगावला जाणाऱ्या महामार्गापासून हे गाव बाजूला राहते. त्यामुळे रस्त्याने प्रवास करणाऱ्या गोमंतकीयांच्या नजरेस ते सहसा पडत नाही. याच गावात 8 एप्रिल 1924 रोजी एका लिंगायत कुटुंबात शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म झाला. पुढे अवघ्या हिंदुस्थानाने त्यांना कुमार गंधर्व या नावाने ओळखले. मातृभाषा कन्नड, संगीताचे शिक्षण आणि सारा स्नेहपरिवार मराठी, कर्मभूमी हिंदी मुलखातील माळवा आणि गाण्याचे शब्द बहुधा ब्रज, माळवी वा कबीराच्या बोलीतले, असे हे आयुष्य होते. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाने भारतीय संगीताला दिलेल्या देणग्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

एक असामान्य देणगी घेऊन जन्मलेला मुलगा त्या देणगीच्याच कैदेत कसा सापडला, तिच्यातून तो कसा बाहेर पडला, आवाजच गमावण्याची वेळ आल्यावर त्याने काय ऐकले आणि त्या ऐकण्यातून स्वतःचे गाणे कसे उभे केले, ही त्यांच्या चरित्राची मुख्य रेषा आहे. पदव्या आणि पुरस्कार यांना तिच्यात दुय्यम स्थान आहे.

दोन भाषांच्या वेशीवरचे सूर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेळगाव, धारवाड, हुबळी, मिरज आणि कोल्हापूर हा सलग पट्टा हिंदुस्थानी संगीताचे माहेरघर बनला होता. हा सारा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात आणि त्याला लागून असलेल्या संस्थानांत विभागलेला होता. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले होते. कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व म्हणून गाजत होते. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू आणि गदगला जन्मलेले भीमसेन जोशी ही पुढची पिढी याच भूमीत वाढत होती. मराठी संगीत नाटक मंडळ्यांचे दौरे या भागातून होत. कन्नड बोलणारी घरे नाट्यपदे तितक्याच आवडीने गात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव आणि निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली आणि भाषेचा प्रश्न या भागाच्या जिव्हारी लागला. त्यापूर्वीच्या या संगीतसंसारात मात्र भाषांची सरमिसळ ही रोजच्या जगण्यातली साधी गोष्ट होती.

सिद्धरामय्या यांना गाण्याची विलक्षण ओढ होती आणि ते स्वतःही गात. घरात गाणे होते, ध्वनिमुद्रिका होत्या. छोटा शिवपुत्र सहा-सात वर्षांचा होईपर्यंत त्याने गाण्याकडे विशेष लक्ष दिल्याची कोणतीही खूण दिसली नव्हती. एके दिवशी तो अचानक गाऊ लागला. एखाद्या नामांकित गवयाची तबकडी त्यातील ताना, हरकती आणि श्वास घेण्याच्या जागांसह तो जशीच्या तशी गळ्यातून काढू लागला. शिकवणी झालेली नव्हती, रागांची नावेही ठाऊक नव्हती. कानावर पडलेले जसेच्या तसे उमटवण्याची ती एक नैसर्गिक शक्ती होती.

ही वार्ता पसरायला वेळ लागला नाही. एका लिंगायत मठाच्या स्वामींनी या बालकाचे गाणे ऐकून त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली. त्या काळी महाराष्ट्र-कर्नाटकात गंधर्व या शब्दाला मोठा मान होता. बालगंधर्व आणि सवाई गंधर्व यांच्या पंक्तीला आता एक खरोखरीचा बाल गंधर्व येऊन बसला. वडील त्याला घेऊन गावोगाव फिरू लागले. जलशांना गर्दी लोटू लागली. अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ यांच्यासारख्या दिग्गजांची गायकी एका कोवळ्या गळ्यातून हुबेहूब ऐकताना श्रोते थक्क होत. 1935-36 च्या सुमारास मुंबईच्या जिना हॉलमध्ये भरलेल्या संगीत परिषदेत हा मुलगा गायला, तेव्हा समोर बसलेल्या कलावंतांनी आणि रसिकांनी त्याच्यावर कौतुकाचा वर्षाव केला.

बालचमत्कारांचे पुढे काय होते, हे संगीताच्या इतिहासाने अनेकदा दाखवले आहे. वय वाढते, आवाज फुटतो, नवल ओसरते आणि टाळ्या थांबतात. शिवपुत्राच्या बाबतीत हा धोका अधिकच होता. त्याच्या गळ्यात सगळे होते आणि त्यातले स्वतःचे काहीही नव्हते.

देवधरांची शाळा

या वळणावर त्याला प्राध्यापक बी. आर. देवधर लाभले. देवधर मूळचे मिरजेचे, पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. ग्वाल्हेर परंपरेची तालीम घेतलेल्या या गुरूने पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता आणि आवाजाची जोपासना हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. गिरगावातील त्यांच्या स्कूल ऑफ इंडियन म्यूझिकमध्ये घराण्यांच्या भिंती नव्हत्या. सिंदे खाँ, बडे गुलाम अली खाँ यांच्यासारखे कलावंत तेथे येत, गात, गप्पा मारत. देवधर प्रत्येकाकडून काही ना काही टिपून घेत. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी शिवपुत्र या घरात आला आणि घरचाच झाला.

देवधरांपुढचे काम विलक्षण होते. इतर विद्यार्थ्यांना गाणे शिकवायचे असते. या विद्यार्थ्याकडून आधी गाणे विसरवून घ्यायचे होते. जो राग तो सहज गात होता, त्याचे व्याकरण त्याला ठाऊक नव्हते. तान कोठून निघाली आणि तेथेच का निघाली, हे त्याला सांगता येत नव्हते. गुरूने त्याला स्वर, राग, बंदिश आणि लय यांची रीतसर ओळख करून दिली. त्याचबरोबर सर्व घराण्यांचे गाणे खुल्या कानाने ऐकण्याची मोकळीकही दिली. ज्या काळात दुसऱ्या घराण्याचे गाणे ऐकणेही अनेक उस्तादांना मान्य नव्हते, त्या काळात ही मोकळीक फार मोठी होती. नक्कल करणाऱ्या कानाचे विश्लेषण करणाऱ्या कानात रूपांतर झाले, ते याच वर्षांत.

गोमंतकाशी कुमारजींचा धागा जुळला तोही मुंबईतच. पेडणे तालुक्यातील मालपे या गावच्या अंजनीबाई मालपेकर या भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका. 1958 साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री कलावंत ठरल्या. त्यांच्याकडून कुमारजींना तालीम मिळाली. स्वराला नेमका स्पर्श कसा करावा, दोन स्वरांमधील अवकाशाशी कसे वागावे, याचे सूक्ष्म भान देणारी ती गायकी होती. पुढे कुमारजींच्या तंबोऱ्यांची जुळणी आणि त्यांचे स्वरलगाव हे संगीतकारांच्या अभ्यासाचे विषय झाले. त्या ध्यासाच्या मुळाशी गिरगावातील देवधरांइतक्याच अंजनीबाईही आहेत.

विशीत येण्याआधीच कुमारजी देवधरांच्या शाळेत शिकवू लागले होते. मैफली वाढत होत्या आणि नाव देशभर पोहोचले होते. याच शाळेत शिकणाऱ्या भानुमती कंस यांच्याशी 1947 साली त्यांचा विवाह झाला. स्वतंत्र देशात एका तेवीस वर्षांच्या गायकापुढे सारे आकाश मोकळे आहे, असे वाटण्याचे ते दिवस होते.

देवासची शांतता

त्याच वर्षी कुमारजींना क्षयरोग जडल्याचे निष्पन्न झाले. त्या काळी क्षय म्हणजे बहुधा मृत्यूची चाहूल होती. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 साली अमेरिकेत लागला होता. परंतु हिंदुस्थानातील सामान्य रुग्णाच्या हाती ते औषध लागलीच येणार नव्हते. विश्रांती, सकस आहार आणि कोरडी हवा एवढाच उपचार बहुतेकांच्या वाट्याला येई. मुंबईची दमट हवा सोडणे भाग होते. गाण्यावर डॉक्टरांनी पूर्ण बंदी घातली. फुप्फुसावर आघात झालेल्या माणसाने श्वास ताणून गाणे म्हणजे जिवाशी खेळ होता.

माळव्यातील इंदूरजवळचे देवास हे गाव निवडले गेले. इंदूरचे रसिकाग्रणी रामूभैया दाते यांच्यासारख्या स्नेह्यांचा त्या भागात आधार होता. 30 जानेवारी 1948 या दिवशी कुमारजी देवासला पोहोचले. महात्मा गांधींची हत्या झाली तो हाच दिवस. सारा देश सुन्न झालेला असताना एक आजारी गायक परक्या गावात एका खाटेवर येऊन पडला.

देवास मराठी माणसाला तसे परके नव्हते. पवार घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने या एकाच गावात नांदत होती. गावावर चामुंडा आणि तुळजाभवानी यांच्या टेकडीची छाया आहे. उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखा आक्रमक, बुद्धिमान गवई याच गावचा रहिवासी होता. शीलनाथ महाराजांच्या धुनीमुळे नाथपंथी साधूंची ये-जा सतत चाले. परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी या सर्वांचा अर्थ खिडकीतून जेवढे ऐकू येईल तेवढाच होता.

जवळपास पाच-सहा वर्षे कुमारजींचे गाणे बंद होते. भानुमतींनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरून संसार चालवला आणि पतीची अहोरात्र शुश्रूषा केली. त्या स्वतः गायिका होत्या. आपल्या गाण्याचा विचार त्यांनी या काळात बाजूला ठेवला. कुमार गंधर्वांच्या पुनर्जन्माची कथा सांगताना हा त्याग अनेकदा एका ओळीत उरकला जातो. वास्तविक, औषध, दूध, फळे, भाडे आणि पाहुणे यांची रोजची तोंडमिळवणी एका शिक्षिकेच्या पगारात करणारी ती स्त्री नसती, तर पुढचे काहीच घडले नसते.

ऐकण्याची वर्षे

गाणे बंद झाले तरी कान बंद झाले नव्हते. पाखरांचा आवाज, टिनाच्या पत्र्यावर पडणारा पाऊस, रस्त्यावरून जाणाऱ्या फेरीवाल्यांची हाक, हे सारे कुमारजी ऐकत होते. बायका कामाला जाताना, लग्नकार्यात, बारशात, होळीला गात. पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा काढून तिच्याभोवती गाणी म्हणत. महाराष्ट्रातील भोंडला किंवा गोव्यातील धालो आणि फुगडी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या गाण्यांची जात ओळखीची वाटेल. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या, त्याच त्या वळणाने परत येणाऱ्या आणि तरीही कंटाळा न आणणाऱ्या या धुना होत्या.

शास्त्रीय संगीताचा गायक अशा गाण्यांकडे बहुधा कौतुकाने आणि किंचित उंचावरून पाहतो. कुमारजींपाशी तेव्हा उंची उरलेली नव्हती. सक्तीने मूक झालेल्या या माणसाने त्या धुना विद्यार्थ्याच्या नम्रतेने ऐकल्या. बरे वाटू लागल्यावर त्यांनी त्या गोळा केल्या, त्यांचे स्वरलेखन केले, भानुमतींनीही या संकलनात साथ दिली. या अभ्यासातून त्यांच्या मनात एक विचार पक्का होत गेला. राग कोणी एका विद्वानाने बैठक मारून तयार केलेला नसतो. लोकांच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्या धुनेतच त्याचे बीज असते आणि शास्त्र त्या बीजाला नाव व नियम देते. मांड, पहाडी, सोरठ, गुर्जरी तोडी, मालवकौशिक या रागनामांतच प्रदेशांची आणि लोकांची खूण शिल्लक आहे.

मग ज्या धुनांतून अद्याप राग निघालेला नाही, त्यांचे काय? या प्रश्नातून कुमारजींचे धुनउगम राग जन्माला आले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, मधसुरजा, अहिमोहिनी, निंदियारी, राही, बीहड भैरव ही त्यांतील काही नावे. जुन्या दोन रागांची जोडणी करून तिसरा राग बनवण्याची रीत संगीतात आधीपासून होती. कुमारजींची वाट त्याहून निराळी होती. एका धुनेतील चार-पाच स्वरांचे परस्परांशी असलेले नाते शोधायचे, ते कोठे थांबतात आणि कोठे वळतात हे न्याहाळायचे, त्या नात्याला धक्का न लावता वरच्या-खालच्या सप्तकात त्याचा विस्तार होतो का ते पाहायचे आणि तो होत असेल तरच त्याला राग म्हणून मैफलीत आणायचे, अशी ती चिकित्सक पद्धत होती. मधसुरजा या माध्यान्हीच्या रागातील त्यांची बंदिश बळी देण्यासाठी नेल्या जाणाऱ्या बकऱ्याची आर्त विनवणी मांडते. मंदिराच्या वाटेवर भर दुपारी दिसणारे हे दृश्य शास्त्रीय संगीताच्या ठरीव शृंगार-भक्तीच्या विषयांत बसणारे नव्हते. कुमारजींनी ते बसवले आणि ख्यालाच्या विषयविश्वाची मर्यादा ओलांडली.

एक फुप्फुस आणि एक वाद

1952-53 च्या सुमारास औषधांना यश आले. क्षय आटोक्यात आला, पण एक फुप्फुस जवळपास निकामी झाले होते. 1953 साली कुमारजी पुन्हा मैफलीत गायला बसले. जुन्या श्रोत्यांना ओळखीचा आवाज ऐकू आला, गाणे मात्र ओळखीचे नव्हते.

लांबलचक, एका श्वासात चालणाऱ्या आलापांच्या जागी छोटे, धारदार, अर्थाने भरलेले स्वरसमूह आले. आवाज अचानक झेपावे, तारसप्तकात एखाद्या स्वरावर वीज चमकावी तसा क्षणभर उभा राही आणि पुढच्याच क्षणी जवळजवळ कुजबुजीवर येई. दोन वाक्यांमधील स्तब्धताही गाण्याचाच भाग होई. अतिविलंबित लयीपेक्षा मध्यलयीकडे त्यांचा ओढा होता. बंदिशीच्या शब्दांना, त्यांच्या अर्थाला आणि उच्चाराला त्यांनी जे महत्त्व दिले, ते तोवर ख्यालात क्वचितच मिळाले होते.

यावर वाद झाला नसता तरच नवल. परंपरेचे अभिमानी नाराज झाले. रागाची क्रमशः बढत कोठे आहे, विलंबित ख्यालाचे गांभीर्य कोठे आहे, घराण्याची शिस्त कोठे आहे, असे प्रश्न विचारले गेले. वामनराव देशपांडे यांच्या घरंदाज गायकी या 1961 च्या ग्रंथाने घराण्यांचे सौंदर्यशास्त्र मराठीत मांडले. त्या काळात महाराष्ट्रातील रसिक घराणे या कल्पनेवर तावातावाने चर्चा करत होते. कुमारजी घराण्याच्या चौकटीत मावत नव्हते आणि तसे मावण्याची त्यांची इच्छाही नव्हती. घराण्यांनी जतन केलेल्या विद्येचा त्यांनी आदरच केला. मात्र वारसा म्हणून मिळालेली शैली तशीच पुढे नेणे हे कलावंताचे अंतिम कर्तव्य आहे, हे त्यांना पटत नव्हते. ज्याने बालपणी सर्वांच्या शैली हुबेहूब गाऊन दाखवल्या होत्या, त्याच्या या मताला वेगळेच वजन होते. नक्कलीचे शिखर त्याने सात-आठव्या वर्षीच पाहिले होते.

एक आक्षेप अधिक अवघड होता. छोट्या स्वरवाक्यांची ही शैली म्हणजे दुबळ्या फुप्फुसाची अपरिहार्यता आहे, असे काहींचे म्हणणे होते. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. श्वास मोजका होता. परंतु मोजका श्वास अनेकांच्या वाट्याला आला आणि त्यांतील बहुतेकांचे गाणे तेथेच थांबले. शरीराने घातलेली मर्यादा काय करता येणार नाही एवढेच सांगते. काय करावे हे ती सांगत नाही. ते कुमारजींना माळव्याच्या धुनांनी सांगितले. लोकगीतातही वाक्य लहान असते, फेक थेट असते आणि पुनरुक्तीत अर्थ साठत जातो. आजारपणाने जे हिरावले, त्याच्या जागी आजारपणातच ऐकलेले काही येऊन बसले. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत आणि काढण्याची गरजही नाही.

या वाटचालीत त्यांना तोलामोलाचे साथीदार लाभले. सिंधुदुर्गचे सुपुत्र तबलावादक वसंतराव आचरेकर यांनी वर्षानुवर्षे त्यांची साथ केली. ठेका स्वच्छ, भरीव आणि संयमी ठेवून गायकाच्या विचाराला जागा देणारी ती साथ होती. कणकवलीतील वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान आजही त्यांची आठवण जागती ठेवून आहे.

निर्गुणाचा स्वर

कुमार गंधर्वांचे नाव शास्त्रीय संगीत न ऐकणाऱ्या घरांतही पोहोचले ते निर्गुणी भजनांमुळे. देवासच्या रस्त्यांवरून जाणारे नाथपंथी जोगी कबीर, गोरखनाथ यांची पदे गात. रोगशय्येवरून ऐकलेल्या या गाण्यात त्यांना एक निराळीच वृत्ती जाणवली. देवळातल्या भजनात समोर मूर्ती असते, आळवणी असते, लाड असतात. जोग्याच्या गाण्यात समोर कोणीच नसते. तो एकटा असतो, आपल्यासाठी गातो आणि त्याचा स्वर रिकाम्या आकाशात फेकल्यासारखा जातो. त्या स्वरात करुणा आहे, पण याचना नाही.

ही वृत्ती ख्यालगायकाच्या गळ्यातून उतरवणे सोपे नव्हते. ताना-मुरक्यांनी सजवावे तर निर्गुण हरवते. जोग्याचे जसेच्या तसे गावे तर पुन्हा नक्कल होते. कुमारजींनी दोन्ही टाळले. दोन अचूक जुळलेले तंबोरे, साधा ठेका, मागे एखादा साथीचा आवाज आणि मध्ये उंच उठून अचानक विरणारा स्वर, एवढ्या सामग्रीवर त्यांनी कबीर उभा केला. देहाची नश्वरता, गुरूची ओळख, आतल्या शून्याचा अनुभव हे विषय त्यांनी मृत्यूच्या उंबरठ्यावर वर्षे काढल्यावर हाती घेतले होते. त्या गाण्यात उपदेशाचा सूर नसण्याचे हेही एक कारण असावे.

येथे सुळेभावीची आठवण होणे साहजिक आहे. ज्या लिंगायत परंपरेत शिवपुत्राचा जन्म झाला, तिच्यातही शून्याचा विचार खोलवर रुजलेला आहे. बाराव्या शतकातील अल्लमप्रभूंची वचने आणि त्यांच्याभोवती पुढे रचला गेलेला शून्यसंपादने हा ग्रंथ त्याची साक्ष देतात. कर्नाटकातील शरण आणि उत्तरेतील नाथ-कबीर यांच्यात शतकांचे आणि शेकडो मैलांचे अंतर आहे. तरी कर्मकांड नाकारून आतल्या अनुभवाला प्रमाण मानण्याची वृत्ती समान आहे. मठाधीशांच्या हातून पदवी घेतलेले हे मूल अखेरीस भटक्या जोग्यांच्या धुनीपाशी पोहोचले, यात एक सुसंगती दिसते.

पुन्हा आघात, पुन्हा उभारी

गाणे बहरात असतानाच 1961 साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतींचे निधन झाले. ज्या स्त्रीने मृत्यूच्या दारातून त्यांना परत आणले, तिला वाचवणे त्यांच्या हाती नव्हते. थोरला मुकुल तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता. देवासमधील त्यांच्या घराचे भानुकुल हे नाव तिची स्मृती वाहते.

1962 साली वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वसुंधराताई स्वतः व्यासंगी गायिका होत्या आणि देवधरांच्या परंपरेतच शिकल्या होत्या. पुढची तीन दशके मैफलीत कुमारजींच्या मागे त्यांचा स्वर राहिला. निर्गुणी भजनांतील दोन आवाजांचे ते गुंफण ध्वनिमुद्रिकांमुळे आजही ऐकता येते. 2006 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कन्या कलापिनी आणि मुकुल शिवपुत्र यांनी आपापल्या वाटेने हा वारसा चालवला.

1965 साली मौज प्रकाशनाने कुमारजींच्या बंदिशींचा अनूपरागविलास हा संग्रह प्रसिद्ध केला. गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत या ऋतुसंगीताच्या मैफलींत त्यांनी शास्त्रीय बंदिशी आणि लोकगीते एकाच धाग्यात ओवली. त्रिवेणीत कबीर, सूरदास आणि मीरा एकत्र आले. तुकाराम आणि तुलसीदास यांच्यावर स्वतंत्र कार्यक्रम झाले. गांधी जन्मशताब्दीच्या 1969 या वर्षी त्यांनी गांधी मल्हार हा राग रचला. ज्या दिवशी ते देवासला आले होते, त्या दिवसाशी त्यांचे हे एक शांत देणे होते, असे मानायला हरकत नाही.

मराठी मनाला सर्वांत जवळचा वाटला तो मला उमजलेले बालगंधर्व हा कार्यक्रम. बालगंधर्वांची पदे हजारोंनी गायली, बहुतेकांनी त्यांच्या हरकतींसह गायली. कुमारजींनी त्या हरकतींमागचा विचार शोधला आणि तो आपल्या गळ्यातून मांडला. बालवयात तबकड्यांची नक्कल करणारा शिवपुत्र आणि प्रौढपणी बालगंधर्व उमजून घेणारे कुमार गंधर्व यांच्यातले अंतर या एका कार्यक्रमात मोजता येते. कवी अनिलांची कविता किंवा बाळ कोल्हटकरांच्या देव दीनाघरी धावला या नाटकातील पदे गातानाही त्यांनी भावगीताला हलके मानले नाही.

1974 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1977 साली पद्मभूषण आणि 1990 साली पद्मविभूषण असे सन्मान त्यांच्याकडे आले. पु. ल. देशपांडे, राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर यांच्यासारख्या मित्रांनी भानुकुल गजबजलेले असे. मुंबई-पुण्याला परतण्याचे सारे मार्ग मोकळे असूनही कुमारजींनी देवास सोडले नाही. आजारपणाची सक्ती म्हणून आलेले गाव त्यांनी घर म्हणून स्वीकारले होते.

12 जानेवारी 1992 रोजी देवास येथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट वर्षांचे होते. विशीतच ज्याच्या आयुष्याची आशा सोडली गेली होती, त्याने त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ जगून आणि गाऊन दाखवले.

सीमाभागाचा वारसा

बेळगाव शहरात आज कुमार गंधर्व रंगमंदिर उभे आहे. मध्य प्रदेश शासन त्यांच्या नावाने तरुण कलावंतांना राष्ट्रीय सन्मान देते. 2024 साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा देशभर मैफली झाल्या. कन्नड रसिकांनी त्यांना आपले म्हटले, मराठी रसिकांनी आपले म्हटले, माळव्याने तर त्यांना कधीच आपल्यात सामावून घेतले होते. या तिन्ही दाव्यांत खोटे काहीच नाही.

सीमाभागाच्या वाट्याला आलेले प्रश्न खरे आहेत आणि त्यांची तड लागायची आहे. मात्र त्याच भूमीने एक असा कलावंत घडवला, ज्याला आपली भाषा कोणती हे सिद्ध करण्याची गरज भासली नाही, कारण प्रत्येक भाषेचे तो आधी नीट ऐकून घेत असे. सुळेभावीत तबकड्या ऐकल्या, गिरगावात उस्ताद ऐकले, देवासात जोगी आणि फेरीवाले ऐकले. गोमंतकातील ज्या घरांत आजही सकाळी कुमारजींची भजने लावली जातात, तेथे या दीर्घ ऐकण्याचेच फळ कानी पडते.